एक बाई मागे राहिली

विसूची जीभ सुजून ओठांबाहेर आली होती आणि समोर मोहाच्या फांदीला पाण्याने भरलेल्या दोन घागरी टांगलेल्या होत्या. भर दुपार होती. सगळी यात्रा सावली सापडेल तिथे आडवी पडली होती, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. विसू, माझा धाकटा भाऊ, आत्याच्या मांडीवर होता. रडत नव्हता. रडायलाही अंगात ओल लागते. पलीकडच्या झाडाखाली भास्करभटांचा रघू पडला होता, डोळे अर्धे उघडे, पापण्यांवर माश्या. मी सागाचं वाळकं पान चघळत होते, कारण हेच पान कधीतरी हिरवं होतं एवढं मला कळत होतं.

वारा आला की फांदी हले, घागरी एकमेकींना लागत आणि आतलं पाणी डुचमळे. तो आवाज आम्ही तिघं मुलं ऐकत होतो.

"दादा," आत्या माझ्या वडिलांना म्हणाली, "एक घागर उघड."

"ते पाणी आपलं नाही, द्वारके."

"मग कोणाचं?"

"रामेश्वराचं."

"त्याला तहान लागली आहे का?"

घागरींची ती कावड आबांची, माझ्या वडिलांची होती. काशीहून निघाल्यापासून ती त्यांच्या खांद्यावर होती आणि खांद्याची कातडी सोलून तिथे दुसरी आली होती. ते घागरींखाली पाठ टेकून बसले होते आणि आपल्या मुलाकडे बघत होते. राखणदार बसतो तसे.

ही गोष्ट आता छापली गेली आहे. म्हणजे ही नाही, हिच्या जागी दुसरी. भास्करभटांनी त्या यात्रेची रोजनिशी लिहिली होती, ती त्यांच्या नातवाने शिळाछापावर छापून घेतली. नातू गोविंद, रघूचा मुलगा, इथल्याच शाळेत शिक्षक आहे. परवा भर उन्हात पुस्तक घेऊन नारायण पेठेत माझ्या खोलीवर आला. उंबऱ्यातच म्हणाला, "आजी, आधी पाणी द्या." मी दिलं, वर गुळाचा खडा दिला. घटाघट प्यायला. याचा बापही असाच पीत असे, तांब्या दोन्ही हातांनी धरून.

पुस्तकाला तेलाच्या शाईचा वास होता, बंद पडलेल्या घाण्यासारखा. मला वाचता येतं. वडिलांनी धूळपाटीवर बोट धरून अक्षरं गिरवून घेतली होती, तेवढंच माझं शिक्षण. त्यावर मी पोथ्या वाचल्या, घराचं सामान मागवलं आणि शेजारणींच्या माहेरची पत्रं त्यांना वाचून दाखवली. भास्करभटांचं पुस्तक वाचायला तेवढं पुरलं.

"रामाच्या देवळात वाचन ठेवलंय," गोविंद म्हणाला. "तुम्ही पुढे बसायचं. त्या यात्रेतलं आता तुमच्याखेरीज कोणी नाही."

"म्हणजे मला मांडून ठेवणार."

"असं काय हो आजी. मान आहे तुमचा. शाल द्यायचं ठरलंय."

"वैशाखात?"

तो हसला. हसणं बापाचं नाही, आजोबांचं आहे. दात झाकून.

मी त्या रानाचं पान काढलं. भास्करभटांनी लिहिलं आहे: "येथे जळाचे दुर्भिक्ष जाहले. श्रीकृपेने निभावले." पुढे मोहाच्या झाडांचं वर्णन. त्याच्याही पुढच्या पानावर एक ओळ: "एक बाई मागे राहिली."

"ही बाई कोण रे?" मी विचारलं.

"कोण जाणे. आजोबांनी नाव दिलेलं नाही."

"सामानाचं तट्टू मेलं त्याचं नाव आहे. कोणत्या पायाने लंगडत होतं तेही आहे."

गोविंदने पान बघितलं. तट्टाचं नाव खरंच होतं.

*

आम्ही निघालो तेव्हा पुण्यात भगवं निशाण होतं. मी अजून लग्नाची व्हायची होते. विसूच्या वेळी आई गेली, आत्या लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडे परत आलेली. घरात मागे ठेवायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून आम्ही मुलंही निघालो. निघताना हातावर दही पडलं. त्याचा आंबट गारवा मला अजून तळव्यावर आठवतो. पोचवायला आलेले लोक वाघोलीपर्यंत आले आणि तिथल्या मुक्कामात एवढे रडले की जाणाऱ्यांना वाटलं आपण मेलोच. बायका एकमेकींच्या ओटीत मूठ मूठ तांदूळ टाकत होत्या. आत्याच्या ओटीत कोणी टाकले नाहीत, विधवेच्या टाकत नाहीत. तिने सांडलेले दाणे वेचले आणि पदराला बांधले. "वाटेत लागतील," ती म्हणाली. लागले.

जातानाचा रस्ता मला वासांनी आठवतो. पहाटे तुडवलेल्या दवाचा आणि घोड्यांच्या लिदीचा. गोदावरीच्या वाळूत भाजलेल्या वांग्यांचा. पुढे रान सुरू झालं तसा पळसाचा, त्याला वास नसतो म्हणतात, पण फुलं हातावर चुरडून बघा. मग मोह. मोहाच्या फुलांचा वास पहिल्या दिवशी गोड लागतो, दुसऱ्या दिवशी डोकं धरतो आणि तिसऱ्या दिवशी माणसाला वाटतं हा वास आपल्याच अंगाला येतोय.

आत्या चालताना ओव्या म्हणायची. जातं नव्हतं, तरी म्हणायची. तिचा आवाज चांगला नव्हता, फाटका होता, वरच्या सुराला चिरकायचा. पुरुष मंडळी चिडत. एकदा कोणीतरी म्हणालं, "बाई, रानातली जनावरं पळतील." ती म्हणाली, "मग उपकार माना." दळताना जी लय असते तीच तिच्या पायांत होती. मी तिच्या पाठोपाठ चालत असे आणि जात्याभोवती फिरल्यासारखं वाटे, पिठाचा वाससुद्धा येई.

काशीत काय बघितलं ते मला विचारू नका. गर्दी बघितली. शेण, फुलं, चिता. गंगेच्या पाण्यात माझ्या पायाला काहीतरी मऊ लागलं आणि मी ओरडले, तर भास्करभटांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. तिथे दोन तांब्याच्या घागरी भरून घेतल्या. तोंडाला कापड बांधलं, त्यावर तापलेली लाख ओतली आणि लाखेवर मुद्रा उठवली. लाख पातळ होताना जो वास येतो तो जळक्या केसांच्या जवळचा असतो. त्या दिवशी मला तो आवडला होता.

कावडीचे नियम असे. ती जमिनीला टेकवायची नाही, मुक्कामाला झाडाला टांगायची. उचलणाऱ्याने अंघोळ करून उचलायची. आल्या वाटेने मागे फिरायचं नाही. बांबूच्या टोकांना घुंगरू बांधलेले होते, त्यामुळे आबा कुठे आहेत हे न बघता कळे. खांदा पालटायला दुसरा एक गडी होता, तो काशीतच तापाने पडला आणि राहिला. मग घुंगरू फक्त आबांच्या पावलांवर वाजू लागले. दोन्ही घागरी सारख्या वजनाच्या लागतात, नाहीतर कावड फिरते आणि माणसाची मान धरते. कावडीचं एवढंच शास्त्र.

परतताना आम्ही मोठा रस्ता सोडून रानात का शिरलो ते मला माहीत नाही. पेंढाऱ्यांचं नाव कोणीतरी घेतलं होतं. पुरुषांनी झाडाखाली बसून ठरवलं आणि आम्ही उठून चालू लागलो. पहिली विहीर आटलेली मिळाली. दुसरीत मेलेलं जनावर होतं. मग विहिरीच नव्हत्या. नर्मदा मागे राहिली होती आणि मागे फिरायचं नव्हतं, कावड होती ना. मग मोठी माणसं हळूहळू बोलायची थांबली. आत्यासुद्धा ओव्या म्हणेना. नुसते घुंगरू आणि घागरीतलं पाणी.

*

आत्याने विसूला माझ्या मांडीवर ठेवलं. उठली, एक धोंडा उचलला आणि मोहाखाली गेली. आबा उठून उभे राहिले. बहीणभाऊ समोरासमोर होते, मधे घागर.

"द्वारके, मी शपथ घेतली आहे."

"तू घेतलीस. मी नाही घेतली. बाजूला हो."

आबा बाजूला झाले नाहीत. पण त्यांनी हातही धरला नाही. आत्याने लाखेवर धोंडा घातला. लाख काचेसारखी फुटते, तिचे तुकडे पाचोळ्यात पडले तो आवाज सगळ्यांनी ऐकला. सगळे उठून बसले. भास्करभट धावत आले, अर्ध्यात थांबले. आत्याने ओंजळीत पाणी घेतलं होतं आणि ती त्यांच्याच मुलाजवळ, रघूजवळ बसली होती. तो वाटेत आडवा पडला होता म्हणून तो पहिला. दुसरं काही कारण नव्हतं.

तिने पदराचं टोक भिजवून रघूच्या ओठांवर पिळलं. मग विसूच्या. मग माझ्या. हळूहळू, एकदम पाजलं नाही, तेवढी अक्कल तिथे तिलाच होती. त्या पाण्याला तांब्याची आणि लाखेची चव होती.

भास्करभटांनी तोंड फिरवलं आणि मोठ्याने जप सुरू केला. मुलाला पाणी मिळत होतं तोवर जप चालला. रघूने डोळे उघडून "बाबा" म्हटलं तेव्हा थांबला. मग ते आत्याकडे वळले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आज काय केलंत कळतंय का?"

"भटजी," आत्या म्हणाली, "उरलंय थोडं. घेता?"

तिने स्वतः घेतलं नाही. उरलेलं मोठ्या माणसांत फिरलं. कोणी नाही म्हणालं नाही. पीत होते आणि तिला शिव्या देत होते, एकाच तोंडाने.

संध्याकाळी टेकडी उतरलो तर पलीकडे ओढा. वाहता, स्वच्छ. बैल पडतात तसे सगळे त्यात पडले. आणि मग तोंडं ओली झाल्यावर सगळ्यांना धर्म आठवला. थोडा धीर धरला असता तर? घटकाभर? हे वाक्य मी नंतर आयुष्यभर ऐकलं. मुलांजवळ घटकाभर नव्हता हे कोणी ऐकलं नाही.

आत्याला ओढ्यावर शेवटी येऊ दिलं. भास्करभटांनी ठरवलं की तिने पंक्तीत बसायचं नाही आणि यात्रेच्या मागे, हाकेच्या अंतरावर चालायचं. रामेश्वराचं पाणी तिने भ्रष्ट केलं, तिची सावली दुसऱ्या घागरीवर पडू नये. आबा ओढ्यात उभे होते. त्यांनी फुटलेल्या लाखेची घागर पाण्यात बुडवली. रिकामी घागर घेऊन कावड चालत नाही. गडी लोकांनी झाडांवरची लाख काढून आणली, ती तापवली, कापड बांधलं. जळक्या केसांचा तोच वास. या वेळी मी ओढ्याकाठी ओकले.

ओढ्याचं पाणी एका बाजूला, गंगा दुसऱ्या बाजूला. तोल बरोबर झाला. कोणाची सावली कशावर पडू नये ते भास्करभटांना माहीत.

*

आत्या मागे चालू लागली तशी ओव्या पुन्हा सुरू झाल्या. आम्हाला कळावं की ती आहे. पुढे घुंगरू, मागे ओव्या, मधे आम्ही. मी मागे वळले की कोणीतरी मान धरून पुढे करी. तिचं जेवण एका पानावर वाटेत ठेवून जायचं आणि तिने मागाहून उचलायचं, असं ठरलं होतं. पुष्कळदा मुंग्या आधी पोचत. वाघोलीचे वेचलेले तांदूळ तिच्या पदराला होते, ते ती कच्चे चावत असणार. तिच्या आवाजात आता तो वरचा चिरका सूर उरला नव्हता. मला तो हवा होता.

मग एका तिसऱ्या प्रहरी मागून काही ऐकू येईना.

मी थांबले. विसूही थांबला, त्याला चालता येऊ लागलं होतं. आबा थांबले तसे घुंगरू थांबले. रानात नुसता पाचोळा. आबांनी कावड फांदीला टांगली आणि आल्या वाटेने दोन पावलं गेले.

"कावडवाल्याने मागे फिरायचं नाही," भास्करभट म्हणाले. "गडी पाठवतो."

दोन गडी गेले. वाटेला वळण होतं, त्या वळणापर्यंत गेले, तिथून पलीकडे बघितलं आणि परत आले. आम्हाला ते सगळा वेळ दिसत होते. "दिसत नाही," ते म्हणाले. वळणापलीकडे कोणी गेलं नाही. रघू रडू लागला, त्याच्या बापाने त्याला उचलून घेतलं. आबांनी पुन्हा अंघोळीपुरतं पाणी अंगावर घेतलं, कारण कावड उचलायची होती.

एक बाई मागे राहिली.

पुण्यात वेशीवर वाजंत्री होती. बायका आरत्या घेऊन आल्या होत्या, लोक कावडीखालून वाकून जात होते, लेकरांना घागरीला हात लावायला उचलून धरत होते. मी बघत होते कोण कोणत्या घागरीला हात लावतोय. ओढ्याच्या घागरीला जास्त लावत होते, ती रस्त्याच्या बाजूला होती. मग मावंदं झालं. यात्रेहून सुखरूप आल्याचं जेवण. बुंदी, वांग्याची भाजी, साजूक तूप. आमच्या घरापुढे पेठेचा हौद होता, कात्रजचं पाणी त्यात रात्रंदिवस पडे, हिरव्या शेवाळावर त्याची धार वाजे. मी पंक्तीतून उठून हौदावर गेले आणि नुसता हात बुडवून बसले. आत जेवणारे "सुखरूप, सुखरूप" म्हणत होते.

आबा पुढे रामेश्वराला गेले, दोन्ही घागरी पिंडीवर ओतून आले. देवाने दोन्ही घेतल्या. त्यानंतर आबा मरेपर्यंत पाणी पिताना भिंतीकडे तोंड करून पीत. पाहुण्यांना वाटे सोवळं आहे.

तो हौद आता आटतो. धारेचा आवाज नाही. कावडीचे घुंगरू माझ्याकडे होते, ते पोरांनी खेळून हरवले. लाख विकणारी बाई या पेठेत येत नाही. भगवं निशाण गेलं, त्याच्यासाठी रडणारे पुष्कळ आहेत, मी त्यांत नाही. त्या राज्यात वेशीवर वाजंत्री मिळत असे, वळणापलीकडे जाणारा माणूस मिळत नसे.

*

हे सगळं मी गोविंदला सांगितलं. तो तांब्या हातात धरून बसला होता.

"बाबांनी कधी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"तुझ्या बाबांना आजोबांच्या घरात जेवायचं होतं."

"पण आजी, आता छापून झालंय. छापाच्या दगडावरचा मजकूरसुद्धा पुसला."

"वाचताना म्हण."

"देवळात? घागरीचं? मंडळी काय म्हणतील?"

"घागरीचं म्हणू नकोस. ओढ्याचं म्हणू नकोस. तुझ्या आजोबांना संत कर, मला काही करायचं नाही. त्या ओळीला 'एक बाई' आहे तिथे 'द्वारका' म्हण. एवढंच."

तो बराच वेळ पुस्तकाच्या कडा सारख्या करत राहिला. त्या आधीच सारख्या होत्या.

"बघतो," तो म्हणाला.

पुण्यात बघतो म्हणजे काय ते मला माहीत आहे.

काल चौथ्या प्रहरी वाचन झालं. मला पुढे बसवलं होतं, बायकांच्या बाजूला, शेजारी पाटावर घडी केलेली शाल. देवळाच्या ओवरीत कबुतरं होती. गोविंद चांगला वाचतो. मोहाच्या झाडांचं वर्णन आलं तेव्हा माणसं मान डोलवत होती. तट्टाच्या मरणाला एक म्हातारा हळहळला. मग ते पान आलं. गोविंद थांबला. त्याने बायकांच्या बाजूला बघितलं, मग पुरुषांच्या, मग पुस्तकात. आणि छापलं होतं तसं वाचलं. जरा भरभर.

"द्वारका," मी म्हणाले.

"बाई, वाचन चाललंय," पुरुषांतून कोणीतरी म्हणालं.

"तेच म्हणते. त्या बाईचं नाव द्वारका. वाच, गोविंद."

कोणीतरी "म्हातारपण" असं पुटपुटलं. एकीने माझा पदर ओढला. मी उभी राहिले आणि उभीच राहिले, गुडघे दुखत होते तरी. गोविंदच्या कपाळावर घाम आला होता. त्याने बोट त्या ओळीवर ठेवलं. नावापुरते ओठ हलले. पुढच्या रांगेला ऐकू गेलं असेल, मागच्यांना नाही. मग त्याने पान उलटलं.

शाल मी तिथेच ठेवून आले. घरी येऊन हे लिहायला बसले. अक्षर धूळपाटीवरचंच आहे, पण वाचता येतं.

त्या दुपारी त्या पाण्यावर तीन मुलं जगली. विसू नातवंडं बघून गेला. रघुनाथ, गोविंदचा बाप, गेल्या माघात गेला. मी अजून आहे. त्या रानातली मोठी माणसं सगळी जिवंत घरी आली, भास्करभटही, आबाही. द्वारका आली नाही.